होडी मिळते हो, पेट्रोलचं बोला

मुलांना शिडाची होडी शिकवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: होड्या आणायच्या कुठून? अशाच एका उपक्रमाचे हिशोब आणि होड्यांची शेड मी सांभाळते, तेव्हा अनुभवाने सांगते की होडी मिळवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. होडी डोळ्यांना दिसते, तिच्यावर देणाऱ्याचं नाव रंगवता येतं, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढता येतो. मुलांच्या मदतीला फिरणाऱ्या इंजिनच्या बोटीच्या, म्हणजे सेफ्टी बोटच्या, टाकीतल्या पेट्रोलबरोबर कुणी फोटो काढत नाही. आणि उपक्रम बंद पडतात ते पेट्रोल, प्रशिक्षकाचं मानधन, विमा आणि दोऱ्या यांच्यापायी. म्हणून मी इथे उलट्या टोकाकडून सुरुवात करणार आहे.

आधी पाणी, मग मुलं

पहिल्या बैठकीत होड्यांचा विषयच काढू नका. पाणी ठरवा. नवशिक्या मुलांना आडोशाचं, आटोपशीर पाणी लागतं. एका जागी उभं राहून सगळ्या होड्या नजरेत राहतील एवढंच. वाऱ्याची दिशा नीट बघा. जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा फसवा असतो. काठाशी पाणी कसं ताटासारखं सपाट दिसतं, आणि पोर जरा बाहेर गेलं की लाटा सुरू होतात आणि वारा त्याला आणखी बाहेर नेतो. तलाव असेल तर पलीकडचा काठ पायी फिरून बघा, कारण भरकटलेल्या होड्या तिथेच जाऊन लागणार आहेत.

किती वाऱ्यात मुलांना सोडायचं, तेही आधीच कागदावर लिहा. पहिल्या हंगामातल्या मुलांसाठी आमची हद्द ब्यूफर्ट मापनाचा (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) ३ अंक, म्हणजे ७ ते १० नॉट (ताशी सागरी मैल). ४ अंक लागला, म्हणजे ११ ते १६ नॉट, की ती मुलं काठावर गाठी बांधतात. आकडा लिहून ठेवायचं कारण असं, की देणगीदार मंडळी कॅमेरा घेऊन येतात त्याच दिवशी नेमका वारा चढतो आणि "दहाच मिनिटं सोडा ना" असा आग्रह सुरू होतो. कागद दाखवला की वाद मिटतो.

आता मुलं. शंभर मुलांना एकेकदा होडीत बसवावं की बारा मुलांना तीन वर्षं शिकवावं? मी दुसऱ्या बाजूची. एका दिवसाची सफर वाईट नाही, त्यातूनच कुणाला गोडी आहे ते कळतं. पण तेवढ्यावर थांबलात तर मुलाच्या हाती काही लागत नाही. पहिला दिवस भीतीचा आणि भिजण्याचा असतो, एकट्याने सुकाणू धरून वारा ओळखण्याची मजा पुढे बरीच नंतर येते.

मुलांची संख्या ठरली की प्रशिक्षक मोजा. ब्रिटनमध्ये रॉयल यॉटिंग असोसिएशन या नौकानयन संघटनेच्या पद्धतीत एकट्याने चालवायच्या डिंगी (छोट्या उघड्या होड्या) असतील तर एका प्रशिक्षकामागे सहा मुलं धरतात. हे प्रमाण कुठेही वापरा, योग्यच आहे. बारा मुलं म्हणजे दोन प्रशिक्षक आणि इंजिनच्या दोन बोटी. मग होड्या किती? सुरुवातीला लहान मुलं एका होडीत दोन-दोन बसतात, तेव्हा बारा लागतच नाहीत. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: सातवी होडी पाण्यात उतरली की ती दुसरा प्रशिक्षक मागते. फुकट मिळालेली होडी म्हणूनच महाग पडू शकते.

ऑप्टिमिस्टची जन्मकथा पाठ करून ठेवा

ऑप्टिमिस्ट ही मुलांची छोटी शिडाची होडी. तिची कथा देणगीदारांपुढे फार उपयोगी पडते, म्हणून सांगते. १९४७ साल, अमेरिकेत फ्लोरिडातलं क्लिअरवॉटर हे गाव. तिथला ऑप्टिमिस्ट क्लब ही समाजसेवी मंडळींची संघटना. ते मुलांसाठी उतारावरून सोडायच्या घरगुती गाड्यांची शर्यत भरवत. गाडी बनवायची, शर्यत झाली की तिचा उपयोग संपला. मेजर क्लिफर्ड मॅके यांनी सुचवलं की त्यापेक्षा मुलांना वर्षानुवर्षं वापरता येईल अशी स्वस्त होडी का देऊ नये? क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने प्लायवूडच्या दोन तक्त्यांत बसेल असा आराखडा काढला. तक्ता ८ फुटी, म्हणून होडी ८ फुटांच्या आत. म्हणून तिचं नाक टोकदार नसून चपटं. आणि तो आराखडा त्याने क्लबला देऊन टाकला. पुढे अ‍ॅक्सल डॅमगार्ड या डॅनिश गृहस्थाने ती युरोपात नेली. आज शंभराहून अधिक देशांतली मुलं 'ऑप्टी'त शिकतात.

म्हणजे जगातली सगळ्यात पसरलेली मुलांची होडी हीच मुळात दानातून आली, आणि त्या दानामागचा विचार 'पुन्हा पुन्हा वापरता यावी' हा होता. देणगीदाराला एवढं सांगितलं की पुढचा मुद्दा काढणं सोपं जातं.

हिशोबाची वही

वहीत दोन रकाने पाडा: एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च. पहिल्यात होड्या, ट्रॉल्या, शेड, इंजिन. दुसऱ्यात मानधन, पेट्रोल, इंजिनची सर्व्हिसिंग, विमा, प्रशिक्षकांच्या प्रथमोपचार प्रमाणपत्रांचं नूतनीकरण, दोऱ्या, शिडांची शिवण, मुलांची ने-आण, पाण्यातून बाहेर आल्यावरचं खाणं, कोरडे कपडे. वर दरवर्षी थोडी रक्कम नव्या शिडांसाठी बाजूला. शीड उन्हाने मरतं, वापरा नाहीतर न वापरा. दुसऱ्या रकान्याच्या बेरजेला मुलांच्या संख्येने भागा. तो आकडा म्हणजे एका मुलाचा एका हंगामाचा खर्च. पैसे मागायला जाताना हाच आकडा घेऊन जायचं.

देणाऱ्यांचेही प्रकार असतात. होड्या मिळतात त्या बहुतेक घरांतून, मुलं मोठी झाल्यावर. तीन वर्षांची बांधिलकी मागायची ती धर्मादाय न्यासांकडे. त्यांना मुदत कळते. आणि दरमहा थोडंथोडं देणारी माणसं जपायची. त्यांचा पैसा मोकळा असतो, कशावर खर्चावा याची अट नसते, आणि पेट्रोल त्याच पैशातून येतं. एका कंपनीचे अधिकारी शिडांवर नाव घालून नव्या होड्या द्यायला निघाले होते. मी म्हटलं, "साहेब, होड्या पुरेशा आहेत, एका प्रशिक्षकाचा हंगाम द्या." ते म्हणाले, "मॅडम, प्रशिक्षकावर लोगो कुठे लावू?" मी त्यांना विचारलं, मुलांनी होड्या उतरवल्या आणि शिकवायला कुणी नाही, असा फोटो तुम्हाला चालेल का? निम्मं मानधन त्यांनी दिलं. तेवढ्यावर समाधान मानलं.

निधी गोळा करायचा कार्यक्रम करायचा असेल तर 'बार्ट्स बॅश'चा नमुना बघा. ब्रिटिश ऑलिंपिक सुवर्णविजेता अ‍ॅण्ड्र्यू सिम्पसन (मित्रांचा 'बार्ट') मे २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथे सरावात होडी उलटून मरण पावला. मित्रांनी त्याच्या नावाने संस्था काढली आणि २०१४ साली जगभरातल्या क्लबांनी आपापल्या पाण्यात, आपापल्या होड्यांत, एकाच दिवशी शर्यत केली. सगळ्यांचे निकाल एकत्र मांडले. कुणाला प्रवास नाही, मंडप नाही, पाहुण्यांची सरबराई नाही. निधीच्या कार्यक्रमावरच निधी उडवणाऱ्यांनी एवढं तरी उचलावं.

दानात आलेली होडी तपासायची कशी

हे माझ्या आवडीचं काम. होडी बघायला जाताना ओलं फडकं, एक नाणं आणि एक मदतनीस बरोबर घ्या.

आधी उचला. ऑप्टिमिस्टचा नुसता सांगाडा ३५ किलोचा. दोघांनी दोन बाजूंना धरून सहज उचलला पाहिजे. क्लबसाठी ओतीव प्लास्टिकच्या बनवतात त्या जड असतात, ते वेगळं. पण फायबरची होडी उचलताना कमरेत कळ आली तर तिच्या दुहेरी तळात पाणी साचलं आहे, असं समजा. मग नाण्याने तळावर टिचक्या मारत जा. आवाज खणखणीत असेल तर थर घट्ट आहेत. बोदा झाला तर तिथे थर सुटलेत. अंगठ्याने दाबून बघा, लवतंय का.

डोलकाठीचा पाय ज्या खोबणीत बसतो तिथे फडक्याने पुसून बघा. केसाएवढी भेगही पुढे वाढते. डोलकाठी वरच्या आडव्या फळीला बांधायची दोरी किंवा चिमटा आहे का? ते नसेल तर होडी उलटल्यावर काठी खोबणीतून निघते आणि सुटताना खोबण फोडते. सुकाणू ज्या बिजागऱ्यांवर बसतं तिथे ते अडकवून ठेवणारी छोटी पट्टी असते, ती गंजलेली किंवा गायब असते, दहात आठ वेळा.

आत हवेच्या तीन पिशव्या असतात. होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी तिला तरंगत ठेवतात त्या याच. फुगवा आणि रात्रभर तशाच ठेवा. सकाळी मऊ पडल्या तर बदला. पण पिशवीपेक्षा तिला बांधणारे पट्टे जास्त बारकाईने बघा. पट्टा सुटला तर चांगली फुगलेली पिशवीही होडीतून निसटून एकटीच तरंगत जाते. शेवटी शीड. कोपऱ्यातल्या शिवणीवर नख घासा. दोरा तुटला तर उन्हाने शिवण मेली आहे, कापड कितीही पांढरं दिसो.

आणि नाही म्हणायला शिका. फायबरची मोडकी होडी भंगारवालाही घेत नाही, जाळता येत नाही, पुरता येत नाही. ती तुमच्या शेडमध्ये मुक्काम ठोकते. मी देणाऱ्याला सरळ सांगते: "होडी तुम्ही विका, जे येईल ते आम्हाला द्या." बरेच जण ऐकतात. जे रुसतात, त्यांना होडी द्यायची नसून टाकायची होती.

फी, कपडे आणि लाज

फुकट ठेवावं की नाममात्र फी घ्यावी, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. माझं मत असं: फी असावी, पण ती माफ करून घ्यायला आईबापांना कुणापुढे काही सिद्ध करावं लागू नये. अर्जात एक चौकोन ठेवा, "यंदा फी जमणार नाही". खूण केली की विषय संपला. दाखला नाही, चौकशी नाही.

फीपेक्षा मुलं अडतात ती इतर गोष्टींवर. भिजले तरी चालतील असे बूट नाहीत, बदलायला कपडे नाहीत, सकाळी सहाला सोडायला कुणी नाही. म्हणून शेडमध्ये कपड्यांची मांडणी ठेवा. सगळ्यांनी तिथूनच घ्यायचं, ज्यांच्या घरी आहे त्यांनीही. लाइफ जॅकेट सगळ्यांची एकाच रंगाची, वेळ एकच, होड्या चिठ्ठ्या टाकून. देणगीतून आलेली मुलं कोणती आणि पैसे भरून आलेली कोणती, हे काठावरून बघणाऱ्याला ओळखता आलं तर तुमची मांडणी चुकली.

पोहता यायलाच हवं का? पाण्यात न घाबरता तरंगता आलं पाहिजे, एवढं मी धरते, आणि ते येत नसेल तर आधी तेच शिकवायचं. जॅकेट बाबतीत मात्र सूट नाही. पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या मुलांना ५० न्यूटनचं बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारं हलकं जॅकेट, पुरतं (न्यूटनचा आकडा जितका मोठा तितका तरंगवण्याचा जोर जास्त). पोहण्याबद्दल शंका असेल तर १०० न्यूटनचं लाइफ जॅकेट. घातल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. "वाढत्या अंगाचं" घेणं इथे चालत नाही.

पहिल्याच दिवशी उलटवा

शीड लावायच्या आधी, उथळ पाण्यात, प्रशिक्षक शेजारी उभा असताना होडी मुद्दाम उलटवा. मुलांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, "खाली अडकले तर?" त्याचं उत्तर तोंडी देऊन उपयोग नाही. उलट्या होडीखाली हवा राहते, हे त्यांना स्वतः आत जाऊन, आत बोलून कळू द्या. एक मुलगी आत गेली आणि बाहेर यायलाच तयार नव्हती, तिला तिथला आवाज आवडला होता! नंतर शीड लावून. शिडाखाली सापडलं तर हात वर करून कापड उचलायचं आणि शिवणीच्या रेषेने हात सरकवत कडेपर्यंत यायचं.

मग सरळ करणं. होडी सोडायची नाही, कितीही जवळ काठ दिसला तरी. पोहत फिरून तळातून बाहेर आलेल्या डॅगरबोर्डच्या फळीपाशी जायचं, तिच्यावर अंगाचा भार टाकायचा. होडी हळू वळते आणि मग एकदम उभी राहते. आत चढायचं आणि पाणी उपसायचं. ऑप्टी सरळ झाली तरी काठोकाठ भरलेली असते, म्हणून उपसायचं भांडं दोरीने बांधलेलं हवं, नाहीतर ते पहिलं वाहून जातं.

सेफ्टी बोट चालवणाऱ्यासाठी एकच सांगणं: किल कॉर्ड (चालवणारा बाहेर पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) पायाला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, आणि पाण्यातलं मूल हाताच्या अंतरावर आलं की इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद.

मोठ्या माणसांबद्दलचे नियमही पहिल्याच दिवशी आईबापांसमोर वाचून दाखवा. कपडे बदलण्याच्या जागी एकटा मोठा माणूस नको, मुलांशी खासगी मेसेज नकोत, प्रशिक्षक आणि स्वयंसेवक दोघांचीही पूर्वचौकशी. तक्रार ऐकणारी व्यक्ती उपक्रमाबाहेरची असावी. मोठी देणगी देणारा माणूस असला तरी नियम तेच.

दुसरं वर्ष, तिसरं वर्ष

ब्रिटनच्या एलेन मॅकआर्थरने २००५ साली एकटीने ७१ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याआधीच, २००३मध्ये, तिने कॅन्सरमधून बऱ्या होणाऱ्या ८ ते २४ वर्षांच्या मुलामुलींना शिडाच्या बोटीतून नेणारी संस्था काढली होती. तिथली मला भावलेली गोष्ट अशी की मुलं पुन्हा येतात आणि त्यांतली काही पुढे स्वयंसेवक होतात. देणगी मागताना मी हीच साखळी मांडते: शिकणारं मूल, मग मदतनीस, मग प्रशिक्षक. तिसऱ्या कडीपाशी मानधनाचा प्रश्नही थोडा हलका होतो, कारण माणूस घरचा असतो.

ऑप्टीचं वय १५ला संपतं, उंच मुलांचं त्याआधीच. पुढची होडी तयार नसेल तर मूल गळालंच. दोघांची होडी घ्या, मैत्रीण बरोबर असली की मुली टिकतात असं माझं निरीक्षण आहे. एकट्याची हवी असेल तर आयएलसीए, जिला पूर्वी लेझर म्हणत. तिचा सांगाडा एकच, शिडं तीन मापांची, ४.७ चौरस मीटरपासून सुमारे ७ चौरस मीटरपर्यंत. एकदा सांगाडा मिळाला की मूल वाढेल तसं फक्त शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलायचा. देणगीदाराला हे फार पटतं. चालता न येणाऱ्या मुलांसाठी हान्सा ३०३ बघा. समोर तोंड करून बसायचं, खाली होडीला तोल देणारी जड फळी (कील), सुकाणू जॉयस्टिकसारख्या दांड्याने.

थोड्या मोठ्या मुलांना मोठ्या शिडाच्या जहाजावर पाठवता आलं तर सोन्याहून पिवळं. अशा जहाजांच्या, म्हणजे टॉल शिप्सच्या, शर्यती १९५६मध्ये इंग्लंडमधल्या टॉरबे ते पोर्तुगालमधल्या लिस्बन अशा सुरू झाल्या, आणि त्यांत निम्मे तरी खलाशी १५ ते २५ वयाचे असावे लागतात. जहाजं चालवणाऱ्या बऱ्याच संस्था अशा मुलांना खर्चात मदत करतात. विचारायला मात्र हवं.

अहवालात काय लिहायचं

"मुलांचं आयुष्य बदललं" असं लिहू नका. कुणाचं बदललं, किती बदललं, तुम्हाला ठाऊक नाही. चार गोष्टी मोजा: किती मुलं शेवटच्या सत्रापर्यंत आली, प्रत्येकाचे पाण्यातले तास किती, गेल्या वर्षीची किती परतली, मदतनीस किती झाले. गळालेल्यांची कारणं लिहा. ने-आण जमली नाही म्हणून तीन मुलं गेली असं प्रामाणिकपणे लिहिलं, तर पुढच्या वर्षी ने-आणीचे पैसे मागायला तेच कारण पुरतं. फोटो मुलाच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय नको, आणि घरची परिस्थिती सांगणारी ओळ फोटोखाली कधीच नको.

पुढच्या हंगामाचे अर्ज चालू हंगामाच्या मध्यातच पाठवा. न्यासांच्या बैठका वर्षातून मोजक्या वेळा होतात आणि हंगाम संपल्यावर पाठवलेला अर्ज नेमका चुकीच्या बैठकीत पोहोचतो. सोबत विम्याची प्रत, प्रशिक्षकांची प्रमाणपत्रं, वाऱ्याची हद्द लिहिलेला कागद आणि दुसऱ्या रकान्याची बेरीज जोडा. प्रशिक्षकांचं तीन महिन्यांचं मानधन खात्यात शिल्लक असेल तर तेही लिहा; शिल्लक बघून न्यास हात आखडतील ही भीती असते, पण नीट कारण दिलेलं असेल तर बहुधा विश्वासच वाढतो.